समुपदेशन कक्ष आहे, समुपदेशक आहेत, मुलंच येत नाहीत!

मधली सुट्टी

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी आमच्याकडे समुपदेशन कक्ष सुरू झाला आणि त्याचं समन्वयकपद माझ्या गळ्यात पडलं. आठवड्यातून दोन दिवस, अकरा ते दोन, एक प्रशिक्षित समुपदेशक येतात. बाई चांगल्या आहेत, मुलांना बोलतं करायची हातोटी आहे. फीत कापून झाली, फोटो निघाले, नोटीस लागली. विद्यार्थी साधारण अडीच हजार.

वर्षभरात आलेली मुलं १७. त्यातली ९ पहिल्या महिन्यात, मी वर्गावर्गात जाऊन सांगितल्यावर.

अडीच हजारांत कुणाला काही होतच नसेल, हे काही मला पटत नाही. समोर बसलेली पोरं दिसतात की. एक मुलगी पहिल्या सत्रात पहिल्या बाकावर बसायची, दुसऱ्या सत्रात दाराजवळच्या, आणि मग दिसेनाशीच झाली. तिच्या मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, ती झोपूनच असते." मी म्हटलं, तिला कक्षात घेऊन ये ना. मैत्रिणीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला पोलीस चौकीवर हजर करायला सांगितलंय.

इथे कुणी कॉलेजात असताना समुपदेशकाकडे गेलं होतं का? गेला नसाल तर का नाही, तेही सांगा.

गुळगुळीत गोटा

कक्ष नेमका कुठे आहे?

मधली सुट्टी

तळमजल्यावर. प्राचार्यांच्या केबिनला लागून, ऑफिसच्या समोर.

गुळगुळीत गोटा

धागा संपला. :-)

कोरी वही

मॅडम, मी तिसऱ्या वर्षाला आहे, तुमच्या कॉलेजात नाही. पण आमच्याकडेही डिट्टो हेच.

आमच्या कक्षाबाहेर तीन खुर्च्या आहेत. त्यावर बसलं की ऑफिसात फॉर्म भरायला आलेलं अख्खं कॉलेज बघतं. मी एकदा गेले होते. शिपाईकाकांनी रजिस्टर पुढे केलं. नाव, वर्ग, रोल नंबर, येण्याचं कारण. माझ्या आधीच्या ओळीत आमच्याच वर्गातल्या मुलाचं नाव होतं. म्हणजे माझ्यानंतर येणारा माझं वाचणार, हे तिथेच कळलं. कारणाच्या रकान्यात मी 'अभ्यास' लिहिलं, आत गेले आणि अभ्यासाबद्दलच बोलून आले. ज्यासाठी गेले होते ते तोंडातून निघालंच नाही. आता बाहेर 'अभ्यास' लिहिलंय म्हटल्यावर आत दुसरं कसं बोलणार?

आणि अकरा ते दोन आमची प्रॅक्टिकल्स असतात. तास बुडवून जायचं तर हजेरीचा घोळ. बरं, सूट मागायची तर वर्गशिक्षकांना सांगावं लागतं की कुठे गेले होते.

मधली सुट्टी

कोरी वही, तुझा प्रतिसाद वाचून आत्ता उठून आमचं रजिस्टर काढलं. असंच आहे. रकानेसुद्धा हेच. आखून मीच दिले होते.

१७ नोंदी. दहांत 'अभ्यास', चारांत 'डोकेदुखी', दोन रकाने रिकामे, आणि एकाने लिहिलंय 'सहज'.

लंबक

वेगळा सूर लावतो, राग मानू नये. आमच्या वेळी असले कक्ष नव्हते. नापास झालो, घरी बोलणी खाल्ली, पुन्हा बसलो. हल्ली परीक्षेची धाकधूक झाली की 'अँग्झायटी' आणि मित्र बोलला नाही की 'डिप्रेशन'. मुलं येत नाहीत याचा अर्थ बहुतेकांना गरज नाही, असा का घेऊ नये? हे फॅड अलीकडचं आहे.

ओसरी

लंबककाका, रागाचं काही नाही. मी स्वतः समुपदेशक आहे, अकरा वर्षं कॉलेजांतच काम केलंय. हा प्रश्न दर स्नेहसंमेलनात कुणीतरी विचारतंच.

तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. परीक्षेची धाकधूक हा आजार नाही. यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ सालीच दाखवलं होतं की ताण थोडा वाढला की कामगिरी सुधारते आणि एका मर्यादेपलीकडे गेला की घसरते. (त्यांचे प्रयोग उंदरांवरचे होते, पण पेपरच्या आदल्या रात्री फारसा फरक राहत नाही.) माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांना मी हेच सांगते की तुला काही झालेलं नाही, हे असं होतं. तेवढ्यावर मोकळी होऊन जातात. ते सांगायलाही कुणीतरी लागतं ना.

पण 'फॅड' आणि 'अलीकडचं' हे मात्र नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाने विद्यार्थ्यांसाठी मानसिक आरोग्याची सेवा सुरू केली ती १९१० मध्ये. हुशार मुलं अभ्यास जमत असूनही मध्येच शिक्षण सोडून जातात, हे तेव्हाही खुपत होतं.

आणि वयाचा मुद्दा. केसलर आणि सहकाऱ्यांचं २००५ चं अमेरिकेतलं सर्वेक्षण आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतं. आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या १४ पर्यंत आणि तीन चतुर्थांशांची २४ पर्यंत झालेली असते. म्हणजे पहिली ठेच लागते ती नेमकी शाळा-कॉलेजच्या वाटेवर. हृदयविकाराचा तज्ज्ञ कॉलेजात बसवला तर तो माश्या मारेल. आमचं तसं नाही.

गुळगुळीत गोटा

रजिस्टर ठेवलंत तर तुमचंही तसंच होईल. (हलके घ्या.)

तिसरा बाक

मी दोनदा गेलोय. एक वाईट, एक चांगला, दोन्ही अनुभव लिहितो. जरा लांबेल.

पहिल्यांदा दुसऱ्या वर्षाला. चार विषय राहिले होते. कक्षात बसलेले सर आमच्याच कॉलेजात शिकवायचे, समुपदेशनाचा जादा भार त्यांच्याकडे होता. सगळं ऐकून म्हणाले, "पॉझिटिव्ह राहायचं. सकाळी लवकर उठ, व्यायाम कर." हेही एक वेळ ठीक. पण दोन दिवसांनी विभागप्रमुखांनी भर कॉरिडॉरमध्ये खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय रे, झोप लागते का आता?" काळजीनेच विचारलं असणार. पण झोपेचं मी फक्त त्या खोलीत बोललो होतो. त्यानंतर सहा वर्षं कुणापाशी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्यांदा नोकरीला लागल्यावर गेलो, बाहेरच्या एका बाईंकडे. त्यांनी आधी पाच मिनिटं फक्त नियम सांगितले. इथलं कुठे जाणार नाही, कोणत्या परिस्थितीत जाईल, मी काय लिहून ठेवते, ते कुठे असतं, तुला पटलं नाही तर थांबवायचं कसं. मग म्हणाल्या, आठवडाभर तासातासाला काय करतोस ते एका कागदावर लिहून आण. आणला. पहाटे चारला झोप, दुपारी एकला जाग, मध्ये मोबाईल. मला वाटलं आता लेक्चर मिळणार. त्यांनी कागद नीट वाचला आणि विचारलं, "मंगळवारी साडेपाचला गॅलरीत उभा होतास असं लिहिलंयस. तेव्हा कसं वाटत होतं?" मी म्हटलं, बरं वाटत होतं. "मग या आठवड्यात रोज साडेपाचला दहा मिनिटं गॅलरी. मन असो वा नसो. बाकी काही बदलू नकोस."

बस. सुरुवात एवढ्याशा गोष्टीने झाली. 'लवकर उठ' आणि 'साडेपाचला दहा मिनिटं गॅलरी' यात किती फरक आहे, हे ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्यालाच कळेल.

ओसरी

तिसरा बाक, याला आमच्याकडे वर्तनसक्रियता म्हणतात. उदास माणूस 'बरं वाटलं की करीन' म्हणत थांबतो आणि न केल्यामुळे आणखी उदास होतो. म्हणून आधी कृती, मन मागून येतं. तुमच्या बाईंनी कृती तुमच्याच कागदातून शोधली, खरं कसब ते.

मधली सुट्टी, ज्या शिक्षकाच्या हातात मुलाचे गुण आहेत त्याला समुपदेशक करू नये. याला दुहेरी नातं म्हणतात. माणूस कितीही भला असो, मूल त्याच्यापुढे मोकळं होत नाही. ते तुमच्याकडे टळलंय, एवढी एक गोष्ट पहिल्याच फटक्यात बरोबर झाली आहे.

शेवंती

मी आईच्या बाजूने लिहिते. मुलगा होस्टेलवर आहे, तिथल्या समुपदेशकाकडे जातो एवढंच त्याने सांगितलं. मी त्यांना फोन केला. त्या गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचा मुलगा येतो की नाही हेसुद्धा मी त्याच्या परवानगीशिवाय सांगू शकत नाही." मला फार लागलं ते. अहो, नऊ महिने पोटात वाढवलाय. आम्हाला कळायला नको? उद्या काही बरंवाईट झालं तर कोण जबाबदार?

ओसरी

शेवंतीताई, फोन ठेवल्यावर तुम्हाला कसं वाटलं असेल ते समजू शकते. मीही असे फोन घेतले आहेत आणि नंतर दिवसभर चुटपुट लागून राहते. पण तो प्रौढ आहे आणि त्या बाईंचं बरोबर होतं. त्याला जर कळलं असतं की आईने फोन केला आणि बाईंनी सगळं ओतलं, तर तो परत गेला नसता. वरचा तिसरा बाक यांचा कॉरिडॉर आठवा.

मात्र गोपनीयतेला दार असतं आणि ते आम्ही पहिल्याच भेटीत दाखवतो. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, तर गप्प बसायचं नाही. ही अट रक्त सांडून शिकलेली आहे, आणि तीही एका विद्यापीठातच. १९६९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या एका विद्यार्थ्याने विद्यापीठाच्याच दवाखान्यातल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की मी एका मुलीला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने कॅम्पसच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी त्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं, तो ठीक वाटला म्हणून सोडून दिलं. त्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नाही. ऑक्टोबरमध्ये तिचा खून झाला. त्या मुलीच्या आडनावावरून टॅरासॉफ खटला म्हणून हे प्रकरण ओळखलं जातं. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचं रक्षण व्हावं म्हणून पावलं उचलणं हे उपचारकाचं कर्तव्य आहे. कायदा देशोदेशी वेगळा, पण हे भान आता सगळीकडे आहे.

तुम्ही एक करू शकता. समुपदेशकाला माहिती द्यायला कुणाची ना नसते. "तुम्ही काही सांगू नका, पण तो दोन आठवडे फोन उचलत नाहीये आणि बोलताना रडला, एवढं ऐकून ठेवा," असं म्हणा. त्या ऐकतील. आणि त्याला "तिथे काय बोललास?" असं विचारण्यापेक्षा "जातोयस ते बरं वाटतंय मला" एवढं म्हणून बघा.

शेवंती

ऐकून ठेवा, असं म्हणायचं सुचलंच नव्हतं. आज करते फोन. त्यांना नव्हे, त्याला.

चष्मिस

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, औषधं लिहिणाऱ्यांपैकी. धागा चांगला चाललाय, थोडी भर.

समुपदेशक बोलून मदत करतात, औषध देत नाहीत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात. आम्ही आधी डॉक्टर, मग मनोविकारतज्ज्ञ. कॉलेजच्या कक्षाचा मोठा उपयोग हाच, की कुणाला कुठे पाठवायचं ते तिथे ठरतं. भूक-झोप पार बिघडली आहे, कानात आवाज येतात, कुणीतरी पाळतीवर आहे असं वाटतं, किंवा चार-पाच दिवस झोप नसूनही अंगात प्रचंड उत्साह आहे, तर तिथे नुसत्या गप्पांनी भागत नाही. शेवटचं विशेष सांगतो. ते विचारायचं राहून गेलं आणि नुसतं नैराश्य समजून गोळी सुरू झाली, तर द्विध्रुवी (बायपोलर, म्हणजे उदासी आणि अतिउत्साह आलटून पालटून येणाऱ्या) आजारात तो उत्साह आणखी भडकू शकतो. तसंच थायरॉइड आणि रक्तक्षयही उदासीची हुबेहूब नक्कल करतात, तेव्हा रक्त तपासलेलं बरं.

'पीएचक्यू-९' नावाची, नैराश्याची चाचपणी करणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली २००१ पासून जगभर वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक किती वेळा वाटलं, शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा आणि वर आलं की नीट तपासायचं. हे निदान नव्हे. ताप मोजला म्हणजे टायफॉइड कळला असं नाही. आणि कुणी कक्षाबाहेर गठ्ठ्याने वाटून गोळा करणार असेल तर कृपा करून करू नका. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्यावर खूण केलेला कागद आठवडाभर ड्रॉवरमध्ये पडून राहणं हा गुन्हा समजा.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. नैराश्यावरची नेहमीची औषधं काम करायला दोन ते सहा आठवडे घेतात आणि मळमळ, अस्वस्थता वगैरे आधी हजर होतात. मुलं आठव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणून सोडतात. पंचविशीच्या आतल्यांत सुरुवातीच्या दिवसांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये १८ ते २४ वयोगटासाठीही तशी सूचना वेष्टनावर घालायला लावली. म्हणून पहिले काही आठवडे मी लवकर लवकर बोलावतो. मित्राच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत, आणि घेत असलेल्या एकदम थांबवू नयेत.

मधली सुट्टी

डॉक्टर, एक विचारते. समजा ती मुलगी मला भेटली आणि मला शंका आली की हिच्या मनात वेडंवाकडं काही आहे, तर मी, म्हणजे संख्याशास्त्राची बाई, काय बोलू? विचारलं आणि त्यामुळेच डोक्यात भरलं तर?

चष्मिस

भरत नाही. हा सगळ्यांत चिवट गैरसमज. ज्याच्या मनात ते आहे त्याला कुणीतरी विचारलं याने हायसंच वाटतं. सरळ विचारा, "मरून जावं असं वाटतं का?" शब्द गिळू नका. "तसलं काही नाही ना मनात?" असं विचारलंत की उत्तर 'नाही'च येणार, कारण ते तुम्हीच भरवलंत.

हो म्हणाली तर उपदेश नको, आईवडिलांची आठवण काढून लाजवणं नको. कसं करायचं ते ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, एवढं विचारा. असेल तर तिला एकटी सोडायची नाही. तिला सांगून, तिच्यासोबत बसून समुपदेशक किंवा हॉस्पिटल किंवा हेल्पलाइन गाठायची. तुमचं काम तिला बरं करणं नाही, पुढच्या माणसापर्यंत पोचवणं आहे. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र कधी देऊ नका.

कोरी वही

हे 'सरळ विचारा' मैत्रिणींनाही लागू आहे का? म्हणजे आम्हीही विचारू शकतो?

चष्मिस

हो. बहुतेक वेळा पहिल्यांदा कळतं ते मैत्रिणीलाच. फक्त एकटीने ओझं वाहू नका.

लंबक

वाचतोय. वर जे लिहिलं त्यातलं 'फॅड' मागे घेतो. आमच्या वर्गातला एकजण परीक्षेच्या आधी होस्टेलवरून निघून गेला, तो कुणाला पुन्हा दिसला नाही. आम्ही त्याला भित्रा म्हणायचो. चाळीस वर्षं झाली. आज अचानक त्याचं नाव आठवलं.

ओसरी

(काका, धन्यवाद. हे लिहिलंत म्हणून.)

मधली सुट्टी, आता थोडा तुमच्या विषयातला हिशेब. आठवड्याला सहा तास, म्हणजे पन्नास मिनिटांच्या सहा-सात भेटी. विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी आयएसीएस ही संस्था एक हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक असावा असं सांगत आली आहे. तुम्हाला दोन हवेत, तुमच्याकडे पावसुद्धा नाही. आज सतरा आले म्हणून झुरताय, उद्या दोनशे आले तर महिनोन्‌महिने यादी लांबेल. आणि हिंमत बांधून आलेल्या मुलाला 'सहा आठवड्यांनी ये' सांगणं हे कक्ष नसण्यापेक्षा वाईट. म्हणून दर वेळी एक तास बिननोंदणीचा ठेवा, जो येईल त्याला वीस मिनिटं. परीक्षेची भीती, चालढकल, घरची आठवण यांसाठी आठ-दहा जणांचा गट घ्या. एकेकट्याची वेळ खरी गरज असलेल्यांसाठी राखा.

मधली सुट्टी

धागा वर काढतेय. दोन महिने झाले, हिशेब द्यायला आले.

जागेसाठी भांडले. ग्रंथालयाच्या मागची, वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. आधी तिथे मोडकी टेबलं होती. वेळ तीन ते सहा. रजिस्टर गेलं, आता समुपदेशकच येणाऱ्या प्रत्येकाला एक आकडा देतात, आणि आकड्यामागचं नाव फक्त त्यांच्या कुलपाच्या कपाटात. मला दर महिन्याला एकच संख्या मिळते, किती भेटी झाल्या. संख्याशास्त्राच्या बाईला नुसती एक संख्या देणं म्हणजे शिक्षाच आहे, पण भोगतेय. पूर्णवेळ समुपदेशकाच्या जागेसाठी अर्ज केलाय, तो अर्थातच 'विचाराधीन' आहे.

अजून एक केलं, त्याचं श्रेय आमच्या शिपाईकाकांना. ते म्हणाले, "मॅडम, तिकडे जायला पोरांना काहीतरी निमित्त पाहिजे." म्हणून कॉलेजची हरवलं-सापडलंची पेटी ऑफिसातून उचलून त्या खोलीत ठेवली. कॅल्क्युलेटर, डबे, ओळखपत्रं, आणि ढीगभर छत्र्या. आता वर जाणारा कशासाठी चाललाय ते कुणालाच सांगता येत नाही.

परवा बाई हसत हसत सांगत होत्या (नाव-गाव न सांगता), एकजण तिसऱ्यांदा छत्री शोधायला आला. पहिल्यांदा काळी होती, मग निळी. तिसऱ्यांदा रंग सांगितलाच नाही, खुर्चीवर बसला.

या महिन्याची संख्या ३१. ती झोपून असणारी मुलगी त्यात आहे का, मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही. गेल्या आठवड्यात मात्र ती तासाला होती. दाराजवळच्याच बाकावर.

गुळगुळीत गोटा

+१ आणि शिपाईकाकांना साष्टांग.

लंबक

छत्र्या पुरतायत ना? घरी तीन जुन्या पडून आहेत. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवून देतो.